पोरींची गाडी पारूअक्काच्या खळ्यात

मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर दुधाचा टेम्पो चालवला, लिहायची वेळ कधी आली नाही. पण आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वार्षिक अंकात चंदगडचं लिहा म्हणून रेश्मा मॅडम हात धुऊन मागं लागल्या. म्हटलं लिहितो, पण झालं तसंच लिहिणार. गोड करून मागाल तर जमणार नाही.

आधी आम्ही का गेलतो ते सांगतो. आमच्या घराची पुढची खोली गल्लीवर उघडते. आमची शालन उन्हाळाभर तिथं शेवया-पापड करायची. मागं एकदा ह्या मॅडम आल्या. शाळेत विज्ञान शिकवतात. म्हणाल्या, गल्लीतल्या पोरींना संध्याकाळी रोबोट करायला शिकवते, फक्त जागा पायजे. शालननं मला विचारलंसुद्धा नाही. पापडाचे पाट माळ्यावर टाकले आणि खोली देऊन टाकली. तेव्हापासून चार पोरी, आता नववीत आहेत, रोज संध्याकाळी तिथं. वायरी, डाग द्यायचा जळका वास, भांडणं, खिदळणं. शालन मधोमध शेंगा फोडत बसायची आणि काही कळत नसताना "असंच का केलंसा, तसं का न्हाय" म्हणून डोकं खायची. पोरींना ते आवडायचं.

मागल्या वर्षी मॅडमची मावशी डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापुरात आलती. तिला सगळे पारूअक्का म्हणतात. चंदगडच्या पुढं डोंगरात तिची वाडी. तिनं पोरींची चाकांची छोटी गाडी आमच्या फरशीवर आपली आपण फिरताना बघितली आणि म्हणाली, "हिला आमच्या भातात फिरवा की. वाळवणाचं भात पायानं परतून परतून माझं पाय गेलं." बाकीचे हसले. शालन हसली नाही. म्हणाली, "आणतो. सुगीला पोरींना घिऊन मीच येतो, आणि तुम्हाला बसवतो."

श्रावणात शालन गेली.

त्यानंतर खोलीतला तो आवाज मला सोसेना. पोरी हळू बोलायला लागल्या, ते तर त्याहून सोसेना. शालनचा शब्द होता म्हणून सुगीला मॅडम आणि पोरींसंगं जायला मी हो म्हटलं, पण मनात पक्कं केलं की सुगी होऊ दे, मग खोलीला कुलूप घालायचं. तशात त्या चौघींतल्या गौरीची आई सुरेखा गल्लीतल्या दोघी-तिघींना घेऊन दारात आली.

"आण्णा, काकी होत्या म्हणून पोरींना सोडत होतो. आता फुडच्या वर्षी धावी. तुम्ही संगं जाताय न्हवं, तर डोळ्यानं बघून या. ह्यात काय अर्थ असंल तर सांगा. नसंल तर आम्ही बंद करतो. तुम्ही म्हणशीला तसं."

बरं झालं, म्हटलं मी मनात. आल्यावर 'काय अर्थ न्हाय' एवढं म्हणायचं, कुलूप घालायचं आणि सुटायचं. हे खिशात घालूनच मी एसटीत चढलो.

गाडीत

सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, त्यात मशीन. माझी एक पिशवी. पिशवीत पान-तंबाखू, औषधं आणि एक जादा धोतर. हे धोतर मुद्दाम सांगतो. शालननं निळीतून काढून घडी घातलेलं ते शेवटचं. श्रावणापासून मी त्याची घडी मोडली नव्हती. बाकीची धुवायला पडलेली, म्हणून तेच घेतलं. पण घालायचं नाही, नुसतं असू दे, असं ठरवून घेतलं.

कंडक्टर चांगला दांडगा गडी होता. पेटीला पाय लावून म्हणाला, "पावणं, ह्यात काय हाय?"

"मशीन हाय."

"कसलं?"

"रोबोट हाय काका," गौरी म्हणाली. ही पोरगी बारीक आहे, पण तोंड तिच्या वजनापेक्षा मोठं.

"मग त्याचं तिकीट लागंल. वाट अडवलीया की."

"फाडा की. पण अर्धं फाडा."

"अर्धं कशानं?"

"बायकांना अर्धंच असतंय न्हवं? आम्ही पोरींनी केलीया, बाई हाय ती."

सगळी गाडी हसली. कंडक्टर काय कमी नव्हता. "मग तिचं आधारकार्ड काढ भाईर," म्हणाला. पेटी पायाजवळ ओढून घ्यायला लावली आणि तिकीट काही फाडलं नाही.

मलाही हसू आलं. हसलो की शेजारी बघायची मला सवय. बघितलं तर शेजारी पेटी.

गडहिंग्लजच्या स्टँडवर चहा घेतला. दूध पातळ होतं. जन्म दुधात घालवला, मला ते जिभेला लागायच्या आधी नुसत्या रंगावरून कळतं. पण भांडायचा उत्साह राहिला नाही. पूर्वी मी अशा चहावाल्याला सोडला नसता आणि शालननं मला तिथून ओढत नेला असता. आता ओढणारं कोण नाही म्हटल्यावर भांडून काय करता?

तिथून पुढं ऊस विरळ होत गेला. आमच्याकडं नजर टाकाल तिकडं ऊस, तिकडं झाडं. माती तांबडी झाली, काजूच्या बागा लागल्या, मधल्या खाचरांतून कापलेल्या भाताचे पिवळे खुंट. दिवाळी होऊन गेली तरी हवेत ओल होती. चंदगडला उतरलो आणि सीट भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं वाडीला गेलो. त्या जीपमध्ये किती माणसं होती ते सांगत नाही, कारण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. पेटी माझ्या मांडीवर होती आणि तिच्यावर एका बाईची कोंबडी होती.

वाडी

पारूअक्का अंगणाच्या तोंडाला उभी होती. बुटकी, काटक, डोक्यावरून पदर. भाचीच्या गालावरून हात फिरवला, पोरींना पाणी दिलं आणि माझ्या मागं बघायला लागली.

"शालनबाई कुठं हाईत? माघारी ऱ्हायल्या व्हय?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

"गेली," मी म्हटलं. "श्रावणात."

म्हातारीनं हातातला तांब्या माझ्यापुढं केला. मग म्हणाली, "पाय धुवा पावणं. आदी जेवून घ्या." त्याच्यावर एक अक्षर बोलली नाही. कोल्हापुरात सांत्वनाला आलेल्या माणसांनी माझे कान किटवले होते. मला हे बरं वाटलं.

जेवणाचं म्हणाल तर आमच्यासारखी ज्वारीची भाकरी तिकडं नाही. दोन्ही वेळेला भात, तोही जाड, उकड्या तांदळाचा. वर कुळथाची आमटी आणि सुकटाची चटणी. सकाळी चहाच्या जागी पेज आणि लोणच्याची फोड. पहिल्या दिवशी मला वाटलं आजारी माणसाचं जेवण देत्यात. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या प्यालो.

पोरींतली पद्मजा जैनाची. दिवस बुडायच्या आत जेवणार आणि कांदा-लसूण नको. पारूअक्कानं तिची आमटी वेगळी केली, पण गप कुठली बसते.

"बोकड खाईत न्हाईस, ते कळतंय. कांद्यानं काय घोडं मारलंय?"

"कांदा जमिनीखाली असतोय आज्जी."

"आणि शेंगाची चटणी मागून घेतलीस ती? शेंग काय आभाळात लागती?"

"ती चालते."

"कशी काय?"

पद्मजानं विचार केला. "आई म्हणती चालते."

"मग चालंल," म्हातारी म्हणाली आणि आणखी चटणी वाढली.

आता खळ्याचं सांगतो. घराच्या पुढं शेणानं सारवलेलं मोठं खळं. त्यावर भात पसरलेलं. ते सारखं परतावं लागतं, नाही तर खालचं ओलं राहतं आणि कुबट होतं. परतायचं म्हणजे भातातून पाय न उचलता ओढत चालायचं, पायानं तास, म्हणजे नांगराच्या सरीसारख्या रेघा, पाडत. एक तास संपला की त्याच्या शेजारून माघारी. ऊन असेपर्यंत हेच. तिथल्या बायका हे करता करता गप्पा मारतात, पोराला हाका मारतात, कोंबड्या हाकलतात. पारूअक्काच्या टाचा बघितल्या. उन्हाळ्यात तळ्याचा तळ फुटतो तशा.

पोरींच्या गाडीचं काम एवढंच. तिच्या पोटाखाली डोळा आहे. खाली पांढरी रेघ दिसली की रेघेवरनं चालते. बाजूला एक हात बाहेर काढलाय, त्याला लाकडी दाते. गाडी रेघेवरनं जाणार आणि दाते शेजारचं भात ओढत परतणार. आमच्या घरात काळी फरशी आहे. तिथं पांढरी पट्टी चिकटवली की सारखी सुटायची, तेव्हा शालननं रांगोळीचा डबा आणून दिलता. "ही घ्या, पायजे तशी वळवा." तेव्हापासून पोरी रांगोळीचीच रेघ मारतात. इथंही त्यांनी पोचल्यावर भाताचे लांब लांब पट्टे केले, मधून रांगोळीची सरळ रेघ ओढली, आणि सकाळी ऊन आलं की सुरू करू म्हणून आत आल्या.

रांगोळी

सकाळी बाहेर आलो तर अख्खी वाडी गोळा झालेली. आणि खळं बघून गौरीनं डोक्याला हात लावला.

वाडीच्या बायकांनी पहाटे उठून पाहुण्यांच्या मानानं रांगोळी घातली होती. त्यांना वाटलं, पोरींनी नुसतीच एक रेघ ओढून अर्धवट टाकलीय, बरं दिसत नाही, पुरी करू या. मग त्या रेघेला जोडून कमळ काढलं. कमळाला जोडून वेल. वेलावर मोर, असा मोठा की त्याचा पिसारा तुळशीकट्ट्याला टेकलेला.

"अवं हे काय केलंसा!" गौरी ओरडली.

"आवडलं न्हाय व्हय?" एक बाई हिरमुसली. "रंग भरायचं ऱ्हायलंय म्हणून वाटतंय तसं."

मॅडम म्हणाल्या, पुसून परत काढू. पण लोक खोळंबलेले. गौरीला वाटलं, सरळ रेघेवरनं तर जाईल, कमळाशी उचलून घेऊ. बटण दाबलं.

गाडी निघाली. थोडी सरळ गेली, दात्यांनी भात झकास परतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात ती कमळाला वळली. पोरी धावल्या, पण भात तुडवायचं नाही म्हणून कडेकडेनं धावल्या. तोवर गाडी सगळ्या पाकळ्या फिरून वेलावर चढली. दाते भाताचा फराटा ओढत मागं. मोराच्या पिसाऱ्यात शिरली आणि तिथनं काही बाहेर पडेना. पिसातल्या एका डोळ्याला गोल, दुसऱ्या डोळ्याला गोल. अख्ख्या खळ्यात भात आणि रांगोळी कालवून टाकली. वर कोंबड्या आल्या.

वाडी हसून लोळली. मीही हसलो असतो. पण पारूअक्का हसत नव्हती. ती वाकली, मूठभर भात उचलून तळहातावर पसरलं.

"रांगोळी म्हंजे दगडाचं पीठ," ती म्हणाली. "वर्साचं खायाचं हाय हे."

टाळ्या वाजवणारे एकेक करून निघून गेले. पद्मजा रडायला लागली. गौरी रडली नाही, ओठ चावत बसली. मग म्हणाली, "सुपं कुठं हाईत आज्जी?"

तो सगळा दिवस पाखडण्यात गेला. पोरींच्यातल्या एकीलाही सूप धरता येत नव्हतं. पारूअक्का "असं न्हवं, मनगट मार, तुझं मनगट हाय का दोरी?" म्हणून करवादत राहिली. पोरींचे केस पांढरे झाले, माझ्या केसांसारखे. मी ओट्यावर बसून बघत होतो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सुरेखाला सांगायला आयतं मिळालं होतं.

घडी

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, पोरी बिछान्यात तोंड लपवतील. त्या उजाडताच खळ्यावर. रांगोळी नको ठरलं म्हणून तांदळाच्या पिठाची रेघ मारली. ती कोंबड्यांनी पोरींच्या मागोमाग टिपत संपवली. चुना म्हटलं तर पारूअक्का अंगावर धावली, भाताला लागंल म्हणून. मग कापडाची पट्टी अंथरायची ठरली. पण पांढरं कापड येणार कुठून? लुगडी सगळी रंगाची, टॉवेल तोकडे, वाडीतले पुरुष पँट घालणारे.

गौरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आण्णा, तुमच्या पिशवीत एक धोतर हाय न्हवं?"

"न्हाय."

"हाय की. औषधं काढताना बघितलं मी."

"द्यायचं न्हाय म्हटलं."

"का पण?"

"सांगितलं न्हवं एकदा!"

माझा आवाज चढला. पोरगी दचकून मागं सरली. अंगावरचं द्यावं तर ते तांबड्या मातीनं माखलेलं, गाडीच्या डोळ्याला दिसलं नसतं. आणि दिलं असतं तरी घडीचं नेसावं लागलं असतं. कसंही केलं तरी घडी मोडणारच. मी उठून काजूच्या झाडांकडं गेलो. तिथं तरी काय होतं. पानं बघितली, माघारी आलो.

पोरी ओट्यावर गुडघ्यात माना घालून बसल्या होत्या. पारूअक्का खळ्यात पाय ओढत होती. खरखर, खरखर. मला बघून म्हणाली, "मोकळं हिंडताय, तर लावा की पाय."

मी चप्पल काढून तिच्या शेजारच्या तासात पाय घातला. भाताचं टोक बारीक असतं, सुईसारखं. एका फेऱ्यात बोटांची कातडी चुरचुरायला लागली. दुसऱ्या फेऱ्यात कंबर बोलली. पारूअक्का माझ्या पुढं निघून गेली, वळून माघारी आली, आणि माझ्यासमोरून जाताना, न थांबता म्हणाली,

"तुमच्या बाईनं मला बसवतो म्हटलंतं. बघा, अजून उभीच हाय मी."

टोमणा नव्हता. जसं होतं तसं बोलली ती.

मी आत गेलो आणि धोतर काढून आणलं. गौरीनं कात्री उचलली.

"ठेव ती. मी फाडतो."

घडी उघडली. शालन तिपेडी घडी घालायची आणि वरून हातानं दाबायची, इस्त्री नको म्हणायची. निळीचा वास अजून होता. पद्मजा घडीकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ही काकींची घडी हाय न्हवं?"

चारी पोरी गप झाल्या. तोच गपपणा, श्रावणापासूनचा.

"गप बसू नका," मी म्हटलं. "मला गप पोरी आवडत न्हाईत. भांडा बघू."

काठाला दात लावला आणि उभं फाडलं. धोतर मोठं असतं. फाडायचा आवाजही मोठा असतो, लांबवर जातो. मी एकेक पट्टी फाडत गेलो, पोरी खाली अंथरत गेल्या. वाऱ्यानं उडते म्हणून शेणाचे ठिपके देऊन चिकटवली. पद्मजानं आधी नाक धरलं, मग कोपरापर्यंत हात घातला. आणि त्या भांडल्या. इकडनं वळव, तिकडनं नको, तुझी वाकडी, तुझीच वाकडी. मॅडम "अगं हळू" म्हणत होत्या, मी म्हटलं असू दे.

गाडी लावली. आता बघायला बाहेरचं कोणी नव्हतं, दोन कुत्री आणि आम्हीच.

ती चालली. हळू चालली, खोटं कशाला सांगू. म्हैस पाण्यातून बाहेर येते तशी. पण पट्टी सोडली नाही. टोकाला गेली, वळली, शेजारच्या पट्टीवरनं माघारी आली, आणि मागं भातात सरळ तास पडत गेले.

"ही तर माझ्यापरास हळू हाय," पारूअक्का म्हणाली. कंबरेवर हात ठेवून दोन फेऱ्या उभ्यानंच बघितल्या. हात चाळवत होते, पाय चाळवत होते. मग हळूच ओट्याच्या कडेला टेकली. मग मागं सरकून भिंतीला पाठ लावली, आणि पाय समोर लांब केले. त्या फुटक्या टाचा उन्हात.

शेजारची बाई कळशी घेऊन चालली होती, ती थांबली. "अक्का, बरं न्हाय व्हय?"

"बरी हाय की."

"मग बसलीस कशी?"

"बसवलंय मला," पारूअक्का म्हणाली.

थोड्या वेळानं बॅटरी संपली आणि गाडी मधेच उभी राहिली. म्हातारी उठली आणि उरलेलं भात पायानं परतायला लागली. पोरींनी तिच्या शेजारी एकेक तास धरला.

गल्लीत

माघारी येताना सगळ्या झोपल्या. मॅडमसुद्धा. फाडलेल्या पट्ट्या आम्ही तिथंच ठेवल्या, पारूअक्कानं धुऊन दांडीवर घातल्या होत्या. माझी पिशवी हलकी झाली होती. मला चैन पडलं असं कुणी समजू नये. निपाणीपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो.

गल्लीच्या तोंडाला सुरेखा उभीच होती, मागं बाकीच्या दोघी-तिघी.

"काय आण्णा, बघितलंसा? चालली का मशीन?"

"पहिल्या दिवशी वाटोळं केलं," मी म्हटलं. "म्हातारीच्या भातात रांगोळी कालवली. दिवसभर पाखडत बसल्या."

गौरीनं मान खाली घातली. पेटी तिच्या हातात होती.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"चालली. पण हळू. आणि मधेच बंद पडली."

"मग?" सुरेखा म्हणाली. "बंदच करायचं म्हणा की."

किल्ली माझ्या बंडीत होती. मी ती काढली, खोलीचं दार उघडलं, आत काळी फरशी तशीच, कोपऱ्यात शालनचा रांगोळीचा डबा. गौरीच्या हातातली पेटी घेऊन आत ठेवली. मला फार दमायला झालं होतं, उंबऱ्यावरच बसलो.

"सुरेखा," मी म्हटलं, "घरात जुनं पांढरं कापड असलं तर काढून ठेव. तुम्हीबी ठेवा. खळं मोठं हाय, एका धोतरात भागत न्हाय."